बॉयकॉट : एका आडनावाचे शस्त्र झाले तेव्हा

(व्याख्यानाचे शब्दांकन)



शब्दांचा जन्म बहुधा अज्ञात असतो. 'पाणी' हा शब्द प्रथम कोणाच्या तोंडून निघाला, 'भाकरी'ला भाकरी कोणी म्हटले, याची नोंद कोठेही सापडत नाही. भाषा ही नदीसारखी असते. तिचा प्रवाह दिसतो, उगमाचा नेमका थेंब दिसत नाही. तथापि काही मोजके शब्द असे आहेत की ज्यांची जन्मपत्रिका मांडता येते. गाव सांगता येते, वर्ष सांगता येते, इतकेच नव्हे तर बारसे कोणी केले हेही सांगता येते. इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द या मोजक्यांपैकी एक होय.

माणसाच्या नावावरून शब्द तयार होणे ही गोष्ट नवी नाही. दूध 'पाश्चराइझ' करताना लुई पाश्चर या शास्त्रज्ञाचे स्मरण जाणते-अजाणते होते. 'सँडविच' खाणारा एका इंग्रज उमरावाचे नाव उच्चारत असतो. परंतु या मंडळींच्या नावाला त्यांच्या कर्तृत्वाने वा हौसेने शब्दकोशात स्थान मिळाले. बॉयकॉटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याने जे केले त्यावरून हा शब्द झालेला नाही; इतरांनी त्याचे जे केले त्यावरून झाला आहे. क्रिकेटवेड्या घरांतून हे आडनाव उच्चारले की जेफ्री बॉयकॉट हा इंग्लंडचा सलामीचा फलंदाज आठवतो. त्याने १९७४ ते १९७७ या काळात स्वतःच इंग्लंडच्या संघाकडे पाठ फिरवली होती, हा योगायोग गमतीचा खरा. पण शब्द त्याच्याहून सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे, आणि त्यामागची कथा मुळीच गमतीची नाही.

मेयो परगण्यातील तो हंगाम

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा परगणा आहे. १८४५ पासून पुढची काही वर्षे आयर्लंडवर बटाट्याच्या रोगाने जो भीषण दुष्काळ ओढवला, त्याचे घाव या भागाने अतिशय खोलवर सोसले. जमीन बहुतांशी इंग्रज वा इंग्रजधार्जिण्या जमीनदारांची, आणि राबणारा आयरिश शेतकरी केवळ कूळ. खंड थकला की कुळाला घरादारासकट बाहेर काढले जाई. १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मायकेल डेव्हिट याच्या प्रयत्नाने 'लँड लीग' ही कुळांची संघटना उभी राहिली आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हा तिचा अध्यक्ष झाला.

मेयोमध्ये लॉख मास्क नावाच्या सरोवराच्या काठी लॉर्ड अर्न या उमरावाची जमीन होती. उमराव स्वतः दूर फरमॅना परगण्यात राही. खंडवसुलीसाठी त्याने एक कारभारी नेमला होता. त्याचे नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. हा १८३२ मध्ये इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यात जन्मलेला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. तरुणपणी काही काळ त्याने लष्करात नोकरी केली होती. लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत. कारभारी म्हणून तो कडक होता. बारीकसारीक गोष्टींवरून कुळांना दंड करतो, अशी त्याच्याविषयी तक्रार होती. मात्र तो कोणी राक्षस नव्हता. त्याच्यासारखे कारभारी त्या काळी आयर्लंडमध्ये गावोगावी होते. इतिहासाने त्याला निवडले ते त्याच्या दुष्टपणामुळे नव्हे, वेळ त्याच्यावर येऊन ठेपली म्हणून.

१८८० च्या हंगामात कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. उमरावाने शेकडा १० देऊ केली, त्यापुढे जाण्यास नकार दिला. बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध निष्कासनाच्या नोटिसा काढल्या. २२ सप्टेंबर १८८० रोजी पोलिसांच्या बंदोबस्तात नोटिसा बजावण्याचे काम सुरू झाले. तीन घरे झाली, आणि पुढच्या घरापासून गावातील स्त्रिया चिखल, शेण आणि दगड घेऊन पुढे आल्या. बेलिफाला माघार घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून जे घडले ते अधिक विलक्षण होते. बॉयकॉटच्या घरचे नोकर काम सोडून गेले. शेतावरचे मजूर निघून गेले. लोहाराने घोड्यांना नाल ठोकण्याचे नाकारले, धोबिणीने कपडे घेण्याचे नाकारले. जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार त्याला सामान देईनात. टपाल आणणेही बंद झाले. उभे पीक शेतात, आणि कापायला हात नाही. कोणी त्याला मारले नाही, त्याचे घर जाळले नाही. त्याच्याशी कोणी बोलेना, एवढेच.

बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिले. ते ऑक्टोबरमध्ये छापून आले आणि सारे इंग्लंड हळहळले. वर्गणी जमली. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडील कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले. त्या पन्नास माणसांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक व पोलीस तैनात करावे लागले. सुमारे ५०० पौंडांचे बटाटे, सलगम आणि धान्य घरात आणण्यासाठी सुमारे १०,००० पौंड खर्च झाल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. एकेका सलगमामागे सरकारला एकेक शिलिंग पडला, अशी टीका पार्नेलने केली. पीक निघाले, बॉयकॉट मात्र राहू शकला नाही. महिनाअखेर तो कुटुंबासह डब्लिनला गेला, तेथील हॉटेलवाल्यालाही धमकीचे पत्र आले, आणि १ डिसेंबर १८८० रोजी त्याने आयर्लंडचा किनारा सोडला. पुढे तो परतला, काही वर्षे राहिला, अखेर इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका जमीनदाराकडे कारभारी झाला आणि १८९७ मध्ये वारला. माणूस विस्मृतीत गेला. आडनाव अमर झाले.

शब्दाचे बारसे

या साऱ्या प्रकाराला म्हणावे काय, हा प्रश्न त्या वेळीच पडला होता. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' हा विद्वानांचा शब्द उपलब्ध होता. प्राचीन अथेन्स नगरीत नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून नको असलेल्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर पाठवीत. त्या खापराला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. पण मेयोच्या शेतकऱ्याला ग्रीक खापराचे काय होय? जेम्स रेडपाथ हा अमेरिकी पत्रकार तेव्हा तेथे होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की, त्याने ही अडचण स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्यापुढे मांडली आणि फादरांनी क्षणभर विचार करून, कारभाऱ्याचेच आडनाव क्रियापद म्हणून वापरावे, असे सुचवले.

ही सूचना साधी दिसते, पण तीत लोकभाषेचे मर्म आहे. शब्द रुजतो तो विद्वत्तेने नव्हे, अनुभवाने. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच 'टाइम्स'च्या स्तंभांत हा शब्द अवतरणचिन्हांसह दिसू लागला. पुढे अवतरणचिन्हे गळली, आद्याक्षराचे मोठेपण गेले आणि तो सामान्य शब्दांच्या पंक्तीत जाऊन बसला. फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी अशा परस्परांपासून दूरच्या भाषांनी तो थोड्याफार उच्चारभेदाने जसाच्या तसा उचलला. कृती मात्र शब्दाहून जुनी होती. १७९१ नंतर इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली होती, कारण ती गुलामांच्या श्रमातून येत होती. त्या कृतीला तेव्हा नाव नव्हते. नाव मिळाले आणि कृतीला पाय फुटले. शब्दाचे सामर्थ्य ते हेच.

याच ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९ सप्टेंबर १८८० रोजी, म्हणजे लॉख मास्कचा प्रसंग घडण्याच्या अवघे तीन दिवस आधी, पार्नेलने एनिस या गावी भाषण केले होते. हाकललेल्या शेजाऱ्याची जमीन जो दुसरा शेतकरी घेईल, त्याचे काय करायचे, असा प्रश्न त्याने विचारला. गर्दीतून उत्तर आले : ठार करा! पार्नेलने याहून सौम्य मार्ग सांगितला. त्या माणसाला रस्त्यात, दुकानात, बाजारात, इतकेच नव्हे तर प्रार्थनास्थळातही टाळा. महारोग्याप्रमाणे त्याला एकटा पाडा. म्हणजे हा उपाय प्रथम सुचवला गेला तो इंग्रज कारभाऱ्यासाठी नव्हे, स्वतःच्याच समाजातील फुटणाऱ्या माणसासाठी! या शस्त्राला जन्मापासूनच दोन धारा होत्या. एक परक्या सत्तेकडे वळलेली, दुसरी स्वकीयांकडे.

शब्द नेमका कशाला लागू पडतो?

आज हा शब्द सर्रास आणि बऱ्याचदा सैलपणे वापरला जातो. म्हणून त्याची सीमा आखणे अवश्य आहे. कामगार काम थांबवतात तो 'संप'. सदस्य सभेत येऊन निषेधाने उठून जातात तो 'सभात्याग'. सरकार कायद्याने व्यवहार रोखते ती 'बंदी' किंवा 'निर्बंध'. बॉयकॉट या सर्वांहून वेगळा आहे. ज्याला सहभागी होण्याचे स्वातंत्र्य आहे त्याने, इतरांशी संगनमत करून, निषेध म्हणून किंवा दबाव आणण्यासाठी, संबंध ठेवण्याचे जाणूनबुजून नाकारणे, हा त्याचा गाभा आहे. एकट्या माणसाने एखादी वस्तू घेणे सोडले तर ती आवडनिवड झाली. अनेकांनी एका हेतूने सोडली तर तो बॉयकॉट.

मॉस्कोच्या १९८० च्या ऑलिंपिक स्पर्धेकडे अमेरिकेने पाठ फिरवली आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेकडे सोव्हिएत रशियाने, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी हाच शब्द वापरला. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाऊल टाकले नाही. मैलोगणती चालत कामावर गेले आणि अखेर बसमधील वर्णभेद न्यायालयाच्या निर्णयाने संपला. आपल्याकडे रस्ता होत नाही म्हणून एखादे गाव मतदानावर बहिष्कार टाकते, तेही याच कुळातले.

कलकत्ता ते पुणे

हिंदुस्थानात हा शब्द खऱ्या अर्थाने गाजला तो १९०५ मध्ये. लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी जाहीर केली. कृष्णकुमार मित्र यांच्या 'संजीवनी' पत्राने १३ जुलैच्या अंकात विलायती मालावर बहिष्काराची हाक दिली आणि ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तसा ठराव झाला. त्याच सुमारास चीनमध्येही अमेरिकी मालावर बहिष्काराची चळवळ चालू होती. आयर्लंडच्या खेड्यात जन्मलेला शब्द पंचवीस वर्षांत आशियाच्या रस्त्यांवर आला होता.

महाराष्ट्राने ही हाक उचलून धरली. ऑक्टोबर १९०५ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तिच्यामागे फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर होते. लोकमान्य टिळक आणि 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे त्या प्रसंगी उपस्थित होते. त्याबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून बाहेर पडावे लागले.

परंतु या शब्दावरूनच पुण्याच्या दोन थोर पुरुषांत किती खोल मतभेद होता, हे आज फारसे सांगितले जात नाही. डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. फाळणीने पोळलेल्या बंगालने हे साधन उचलले याचे त्यांनी समर्थन केले. मात्र 'बॉयकॉट' या शब्दाला एक कडवट वास आहे, त्यात प्रथम दिसते ती दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी, असा आक्षेप त्यांनी घेतला. स्वदेशी ही देशभक्तीची विधायक भावना आहे, तिला या शब्दाची जोड नको, असा त्यांचा आग्रह होता. टिळकांचे म्हणणे वेगळे. कलकत्त्याच्या १९०६ च्या राष्ट्रीय सभेत स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीला मान्यता मिळाली आणि त्यानंतर लगेच, जानेवारी १९०७ मध्ये, टिळकांनी त्याच शहरात नव्या पक्षाची भूमिका मांडली. हातात शस्त्र नाही, त्याची गरजही नाही. बहिष्कार हेच आपले राजकीय शस्त्र, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. मूठभर परक्यांचे राज्य चालते ते आपल्याच सहकार्याच्या बळावर. तो सहकार काढून घेतला की राज्य पंगू होते. लॉख मास्कच्या शेतकऱ्यांनी एका कारभाऱ्याबाबत जे सिद्ध केले, तेच टिळक एका साम्राज्याबाबत सांगत होते.

दोघांपैकी चूक कोणाची, हा प्रश्न येथे गौण आहे. दोघांनी मिळून शब्दाच्या दोन बाजू दाखवल्या, हे महत्त्वाचे. आणि नुसत्या होळीवर महाराष्ट्र थांबला नाही, हेही नमूद केले पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवून 'पैसा फंड' उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. विलायती काच घेऊ नका असे सांगणाऱ्याने देशी काच करून दाखवली. बहिष्काराची पोकळी निर्मितीने भरली तरच तो टिकतो, हा धडा त्या कारखान्याने दिला. १९११ मध्ये बंगालची फाळणी रद्द झाली.

आपल्या शब्दावरचे जुने ओझे

येथवरची कथा अभिमानाची आहे. आता जी सांगायची ती अंतर्मुख करणारी आहे.

'बॉयकॉट'ला मराठीने 'बहिष्कार' हा प्रतिशब्द योजला. परंतु हा शब्द त्या वेळी नव्याने घडवलेला नव्हता. 'बहिस्' म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे बाहेर करणे. आपल्या समाजात शतकानुशतके त्याचा अर्थ एकच होता : जातीबाहेर टाकणे, वाळीत टाकणे. रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद, पंक्तीला पान नाही, मर्तिकाला खांदा नाही. संन्यासाश्रमातून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या लेकरांना आळंदीत काय सोसावे लागले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या मुलांना समाजाने बाहेर ठेवले, त्यांतल्याच एकाने समाजाला ज्ञानेश्वरी दिली.

आधुनिक काळही याला अपवाद नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या काही प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. 'पुणे वैभव' पत्राने नावे छापली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एका कप चहापायी टिळकांच्या घरच्या धर्मकार्याला भिक्षुक मिळणे कठीण झाले. पुढे ज्यांनी बहिष्काराचे शस्त्र साम्राज्यावर उगारले, त्यांनी त्याचा घाव आधी स्वतः सोसला होता! १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि तो इतका कडक की त्यांना घरी ठेवून घेणारे आप्तही वाळीत पडले असते.

मात्र रानडे, टिळक, कर्वे यांच्याजवळ विद्या होती, प्रतिष्ठा होती, शहर होते. ज्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते, त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' असे ठेवले. एका विशेषणात त्यांनी सारी व्यथा भरली. बहिष्कार हा या समाजाला कधी काळी झालेला दंड नव्हता. तो जन्मतःच त्यांच्या वाट्याला आला होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्यांनी हक्क बजावला, आणि त्यानंतर आसपासच्या गावांत त्यांच्या अनुयायांना मारहाण सोसावी लागली. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने आपल्या १९३० च्या अहवालात या प्रकाराचे स्पष्ट वर्णन केले आहे. हक्क मागणाऱ्याची कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, वाण्याने मीठमिरची द्यायची नाही, वाट अडवायची. बाबासाहेब या समितीचे सदस्य होते.

या वर्णनाशेजारी लॉख मास्कचे वर्णन ठेवून पाहावे. दुकानदार सामान देत नाही, मजूर कामाला येत नाही, कोणी बोलत नाही. बाह्य कृती हुबेहूब तीच! तरीही एका प्रसंगी मन शेतकऱ्यांच्या बाजूने जाते आणि दुसऱ्या प्रसंगी शरमेने मान खाली जाते. असे का व्हावे? तेथे जमीन नसलेल्यांनी जमीन असलेल्याला एकटे पाडले होते. येथे जमीन असलेल्यांनी भूमिहीनाला. बॉयकॉटला इंग्लंडला परत जायला बोट होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला जाण्यासाठी जागाच नव्हती.

गोलमेज परिषदेत १९३० मध्ये बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. नमुना म्हणून त्यांनी १९२२ चा ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. सत्तेने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेली ढाल त्यांनी दुर्बलाच्या रक्षणासाठी मागितली. महात्मा गांधींनीही १९२० मध्ये आपल्या चळवळीला 'असहकार' हे नाव दिले. बहिष्कारात दुसऱ्याला बाहेर काढले जाते. असहकारात माणूस स्वतः बाजूला होतो. विरोधकाला गावच्या विहिरीचे पाणी बंद करणे हा रानटीपणा आहे, असे गांधीजींनी त्याच काळात बजावले होते. नामदार गोखल्यांचा तो जुना आक्षेप येथे वेगळ्या वाटेने परत आलेला दिसतो.

कायदा आणि कसोटी

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जाती-जमातींच्या संरक्षणासाठी असलेल्या १९८९ च्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा गुन्हा म्हणून स्पष्ट समावेश झाला. जातपंचायतींच्या मनमानीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्राला एकविसाव्या शतकात असा कायदा करावा लागला, यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

मग बहिष्कार हे साधनच त्याज्य मानावे काय? तसे म्हणणे १९०५ च्या पिढीवर अन्याय करणारे होईल. सायमन कमिशनकडे १९२८ मध्ये देशाने पाठ फिरवली, लाहोरच्या निदर्शनांत लाला लजपतराय यांनी लाठीचे घाव झेलले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. ते विसरणे शक्य नाही. शस्त्र चांगले की वाईट, हे ते कोणाच्या हाती आहे आणि कोणावर उगारले आहे, यावर ठरते. म्हणून बहिष्काराची हाक कानी येईल तेव्हा चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हाक देणारा दुर्बल आहे की प्रबळ? दुर्बलांनी एकत्र येऊन प्रबळाला दिलेला नकार हे न्यायाचे साधन ठरते. प्रबळांनी एकट्याला दिलेला नकार हा छळ ठरतो.

दुसरा प्रश्न : बहिष्कार कृत्यावर आहे की जन्मावर? कृत्य बदलता येते. जन्म बदलता येत नाही. जो बहिष्कार माणसाच्या कुळावर, जातीवर टाकला जातो त्याला सुटकेचे दारच नसते.

तिसरा प्रश्न : त्याची किंमत कोण मोजतो? माँटगोमेरीचे लोक वर्षभर पायी चालले. पुण्याच्या तरुणांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे आगीत टाकले. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवून क्षणात बहिष्काराची घोषणा करता येते आणि संध्याकाळी ती विसरताही येते. ज्यात स्वतःचा त्याग नाही, तो बहिष्कार नुसता गलबला असतो.

चौथा प्रश्न : तो केव्हा थांबणार? मेयोच्या शेतकऱ्यांची मागणी मोजता येण्याजोगी होती. शेकडा २५ सूट. बंगालची मागणीही स्पष्ट होती; फाळणी रद्द करा. ज्याला शेवटची अट नाही, तो बहिष्कार सूडाकडे झुकतो.

हे चार प्रश्न केवळ राष्ट्राच्या राजकारणात विचारायचे नाहीत. भाऊबंदकीत एका घराशी बोलणे टाकले जाते, गृहनिर्माण संस्थेत एका कुटुंबाला कोणत्याच कार्याचे बोलावणे जात नाही, गावाच्या जत्रेत एका घराची वर्गणी मुद्दाम नाकारली जाते, शाळेच्या वर्गात एका मुलाशेजारी कोणी बसत नाही. या प्रसंगांत 'बहिष्कार' हा शब्द कोणी उच्चारत नाही; कृती मात्र तीच असते. समाज संघटित करण्याची आकांक्षा बाळगणाऱ्याने तर हे अधिकच जपले पाहिजे; कारण संघटना म्हणजे जोडणे, आणि बहिष्कार म्हणजे तोडणे. तोडण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने जोडण्याचे सर्व उपाय आधी करून पाहिले आहेत.

कॅप्टन बॉयकॉटचे पीक अखेर शेतातून घरात आले, पण त्यासाठी एका साम्राज्याला आपले सैन्य शेतात उभे करावे लागले. सामान्य माणसाच्या नकारात एवढी ताकद असते. ती ताकद कोणाविरुद्ध वापरायची आणि कोणाविरुद्ध कदापि नाही, याचा निवाडा शब्दकोश करू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच, आपल्या विवेकबुद्धीला साक्षी ठेवून करावयाचा असतो.